डब्यातलं बीन सूप : कडधान्य तेच, पण मीठ किती?

आमच्या खालाजान मागच्या हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेत जाऊन आल्या. वय ६८, रक्तदाबाची गोळी दहा-बारा वर्षांपासून सुरू. लेक-जावई दोघेही नोकरीला, त्यामुळे दुपारचं जेवण एकटीनंच. थंडीत उभं राहून स्वयंपाक करण्यापेक्षा सोपा उपाय सापडला : कपाटातला सूपचा डबा उघडायचा, भांड्यात ओतायचा, पाणी घालून गरम करायचा. लेकीने निवडून आणलेलं शाकाहारी बीन सूप. मांसाचा प्रश्न नाही, तळलेलं नाही, साखर नाही. खालांच्या भाषेत, "दालच तो है, बेटा."

दीड महिन्यात पायांना सूज आली आणि दाब वाढला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती खाता? खाला म्हणाल्या, मी तर वरून मीठ लेतीच नै. आणि ते खरंच होतं. त्यांच्या ताटात मिठाची डबी कधीच नसते. मीठ वरून येतच नव्हतं, ते डब्याच्या आतूनच येत होतं.

परत येताना त्यांनी चार डबे बॅगेत आणले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून घरच्यांनी ते माझ्या हातात दिले : "जरा वाचून सांग, यात वाईट काय आहे?" वाचायला बसलो तर वाईटापेक्षा चांगलंच जास्त सापडलं. एकच गोष्ट सोडून. पण ती एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच घरांना लागू आहे, म्हणून हा लेख. कोणाचा मुलगा शिकागोला, कोणाची बहीण लंडनला, कोकणातल्या तर निम्म्या घरांचं कोणी ना कोणी आखातात. डबे येतातच. आता शहरातल्या मोठ्या दुकानांतही राजमा, छोले आणि बीन सूपचे डबे मिळू लागले आहेत.

आधी चांगलं काय ते बघू. बीन म्हणजे आपल्या घेवडा-राजमा-चवळीच्या घरातलंच कडधान्य. अमेरिकेत बीन सूपसाठी मुख्यतः छोटी पांढरी 'नेव्ही बीन' किंवा काळा घेवडा वापरतात. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या सिनेटच्या उपाहारगृहात पांढऱ्या बीनचं सूप शंभराहून जास्त वर्षांपासून रोजच्या यादीत आहे, एवढं ते तिथलं घरगुती खाणं. (त्या सिनेटच्या सुपात डुकराच्या तंगडीचं हाड उकळतात, ती गोष्ट वेगळी. त्यावर पुढे येतोच.) अशा सुपाच्या एका वाटीत साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच तंतू म्हणजे फायबर असतो. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. तंतूचं अमेरिकन लेबलवरचं दिवसाचं माप २८ ग्रॅम आहे. म्हणजे एका वाटीत दिवसाच्या तंतूचा पाव हिस्सा! पांढऱ्या पावाच्या दोन स्लाइसमध्ये याच्या निम्माही मिळत नाही.

याशिवाय फोलेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि लोह. लोहाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं आहे. माझ्या वर्गातल्या मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या की दोन-चार जणींना चक्कर येते, त्यासाठी आकडेवारी बघायची गरजही पडत नाही. बीनच्या वाटीत दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पण ते वनस्पतीतलं लोह असल्याने शरीर त्यातलं थोडंच उचलतं. लिंबू पिळलं तर जास्त उचलतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं : लिंबू विसरतो, चहा विसरत नाही.

कडधान्याच्या प्रथिनात एक उणीव असते, मेथिओनिन नावाचा घटक कमी पडतो. तो गहू-तांदळात असतो. गहू-तांदळात लायसिन कमी, ते कडधान्यात भरपूर. म्हणून वरण-भात, खिचडी, राजमा-चावल, दाल-रोटी या जोड्या आजीच्या अंदाजानेच बरोबर जुळल्या आहेत. नुसतं सूप पिऊन उठण्यापेक्षा सोबत एक चपाती घेतली तर त्याच प्रथिनांचा उपयोग जास्त होतो. मधुमेह असलेल्यांनाही बीन सोयीचं, कारण तंतूमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. मात्र सोबत भाताचा डोंगर घेतला तर हा फायदा तिथेच संपतो.

आता एक गैरसमज. "डब्यातलं म्हणजे केमिकल घातलेलं, शिळं, सत्त्व गेलेलं" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. डबाबंद करण्याची पद्धत साधी आहे. अन्न डब्यात भरायचं, हवा बंद करायची आणि मोठ्या कुकरसारख्या यंत्रात सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. या उष्णतेने जंतू मरतात, त्यांचे चिवट बीजाणूसुद्धा, आणि बंद डब्यात नवे शिरत नाहीत. टिकण्याचं रहस्य एवढंच. त्यासाठी वेगळं रसायन घालायची गरज पडत नाही. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने हा शोध लावला. तो काचेच्या बाटल्या वापरायचा. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे अन्न का टिकतं हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, जंतूंचं कारण लुई पाश्चरने समजावलं ते पुढे पन्नास वर्षांनी.

या उष्णतेत काही ब जीवनसत्त्वं, खासकरून थोडं फोलेट, कमी होतं. प्रथिने, तंतू आणि लोह कुठे जात नाहीत. आपल्या कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांमध्येही थोडंफार हेच घडतं.

उलट एका बाबतीत डबा घरच्या बीनपेक्षा सुरक्षित आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, फायटोहेमॅग्लुटिनिन असं त्याचं लांबलचक नाव. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी दोन-तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. नीट उकळल्यावर ते नष्ट होतं. किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, आणि ताज्या पाण्यात खळाखळा उकळायचं किंवा कुकरला लावायचं. परदेशात मुलं इलेक्ट्रिक स्लो-कुकरमध्ये कच्चा राजमा टाकून कामावर जातात, त्यात उष्णता पुरेशी चढत नाही आणि विष उरतं. तुमच्या घरचं कोणी असं करत असेल तर आजच फोन करून सांगा. डब्यातला राजमा मात्र आधीच पूर्ण शिजलेला असतो.

मग खालांच्या पायाला सूज का आली?

डब्याच्या मागे पोषणाचा तक्ता असतो. त्यात पहिली ओळ वाचायची ती 'सर्व्हिंग साइज', म्हणजे खालचे सगळे आकडे किती अन्नासाठी दिले आहेत ती. खालांच्या डब्यावर लिहिलं होतं : एक सर्व्हिंग म्हणजे अर्धा कप, डब्यात सुमारे अडीच सर्व्हिंग, सोडियम प्रत्येक सर्व्हिंगला ८०० मिलिग्रॅम. हे सूप 'कंडेन्स्ड' म्हणजे आटवलेलं असतं. अमेरिकेत १८९७ मध्ये जॉन डॉरन्स या रसायनशास्त्रज्ञाने सुपातलं पाणी कमी करून डबा लहान करण्याची युक्ती काढली, वाहतुकीचा खर्च वाचवायला. घरी आणून तेवढंच पाणी घालायचं, की अर्ध्या कपाचं एक कप सूप होतं. खाला पाणी घालत होत्या, पण उघडलेला डबा ठेवायचा कुठे म्हणून दुपारी आणि संध्याकाळी मिळून एकट्याच संपवत होत्या. पाणी घातल्याने चव सौम्य होते, मीठ तेवढंच राहतं.

हिशोब आठवीच्या मुलालाही जमेल. ८०० गुणिले अडीच म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, सपाट एक चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात यापेक्षा कमी मीठ खायला सांगते. दिवसभराचं. सगळं मिळून. खाला ते एका डब्यातच संपवत होत्या, आणि वर सकाळचा पाव, चीज, रात्रीचं सालन आणि चार बोटं लोणचं वेगळंच.

सगळ्याच डब्यांत एवढं नसतं. साधारण बीन सुपात एका सर्व्हिंगला ६०० ते ९०० मिलिग्रॅम सोडियम दिसतं, काहींत याहून जास्त. तुलनेला आपलं घर घ्या. पाच माणसांच्या डाळीत एक सपाट चमचा मीठ पडलं तर प्रत्येकाच्या वाटीला १ ग्रॅम मीठ येतं, म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम. डब्यातली वाटी दुप्पट झाली. मात्र आपण घरी फार सांभाळून खातो असंही समजू नका. पापड, लोणचं, फरसाण, वडापाव, लग्नाची बिर्याणी, आणि दुकानातली सूपची पाकिटं, ती तर डब्याचीच धाकटी भावंडं. मीठ चवीवरून ओळखता येतं हा भ्रम आहे. बीनचा स्टार्च आणि टोमॅटोची आंबट-गोड चव मीठ झाकून टाकतात.

लेबल वाचताना आणखी एक घोळ होतो, तो देश बदलला की. अमेरिकन डब्यावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. इंग्लंडच्या डब्यावर 'सॉल्ट' ग्रॅममध्ये असतं. आपल्याकडे सोडियम मिलिग्रॅममध्ये, बहुतेक वेळा १०० ग्रॅममागे. म्हणजे लंडनच्या डब्यावर १.२ आणि अमेरिकेच्या डब्यावर ४८० लिहिलं असेल तर मीठ दोन्हींत सारखंच आहे! आकडा छोटा म्हणून मीठ कमी समजू नका. अमेरिकन लेबलवर आकड्यासमोर टक्केही असतात, ते सोपे आहेत : ५ टक्के किंवा कमी म्हणजे थोडं, २० टक्के किंवा जास्त म्हणजे खूप. खालांच्या डब्यावर ३५ टक्के होतं.

मोठ्या अक्षरातल्या जाहिरातीलाही नियम आहेत. अमेरिकेत 'लो सोडियम' म्हणजे सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅम किंवा कमी. 'रिड्यूस्ड सोडियम' म्हणजे त्याच मालाच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा किमान २५ टक्के कमी, बस्स. ८०० चे ६०० झाले तरी हा शब्द छापता येतो. 'नो सॉल्ट अॅडेड' म्हणजे वरून मीठ घातलेलं नाही, तो सगळ्यात चांगला, चव आपण घरी देऊ शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र घटकांच्या यादीत 'पोटॅशियम क्लोराइड' शोधावं. मीठ कमी करताना काही कंपन्या ते वापरतात. निरोगी माणसाला चालतं, पण किडनी कमजोर असेल तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयावर ताण येतो. बीनमध्ये स्वतःचंही पोटॅशियम भरपूर असतंच. अशा रुग्णांनी बीनचं प्रमाण, डब्यातलं असो की घरचं, डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

घटकांची यादी आपल्याला दुसऱ्या कारणासाठीही वाचावी लागते. अमेरिकेत बीन आणि डुक्कर ही जुनी जोडी आहे. 'पोर्क अँड बीन्स', 'बीन विथ बेकन', 'बीन विथ हॅम' हे तिथले नेहमीचे प्रकार, आणि डब्यावरच्या चित्रात अनेकदा फक्त बीनच दिसतं. बेकन, हॅम, पोर्क आणि लार्ड म्हणजे डुकराची चरबी, हे चार शब्द घरातल्या मुलांना पाठ असू द्या. भारतात विकायला येणाऱ्या डब्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण लागतो, पण पाहुण्यांनी बॅगेतून आणलेल्या डब्यावर तो नसतो. नुसतं 'बीन सूप' लिहिलं म्हणून भाजीचं समजू नये. इंग्लंडचे टोमॅटोतले बेक्ड बीन्स बहुतेक शाकाहारी असतात, तिथे नजर साखर आणि मिठावर ठेवावी.

आखातातून येणाऱ्या डब्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. 'फूल मुदम्मस'चा डबा रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत येतो. तो घेवडा नव्हे, तो फाबा बीन, आपण ज्याला बाकला म्हणतो. प्रथिने-तंतूच्या बाबतीत उत्तमच. पण काही लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा व्यक्तीने बाकला खाल्ला तर तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. एक-दोन दिवसांत मूल पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद चहासारखी होते. हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो, आणि शिजवल्याने किंवा डबाबंद केल्याने धोका जात नाही. घरात कोणाला हा दोष असल्याचं आधी निघालं असेल, किंवा एखाद्या मुलाला औषधानंतर अचानक कावीळ झाल्याचा इतिहास असेल, तर फूलचा डबा त्याच्या दस्तरखानावर ठेवू नका. त्रास दिसला तर वाट न बघता रुग्णालय गाठा. राजमा, चवळी, चणे यांना हा नियम लागू नाही.

रमजानचंही सांगतो. सहरीला बीन चांगलं, भूक उशिरा लागते. पण डब्यातलं खारट सूप सहरीला घेतलं तर तहान दुपारच्या आतच लागेल. ते घ्यायचंच असेल तर इफ्तारनंतर, पाणी पिता येईल अशा वेळी.

डबा वापरण्याचे काही नियम थोडक्यात. फुगलेला, गळणारा, उघडताना पिचकारी मारणारा डबा चाखूनही न बघता फेकायचा, कारण त्यात बॉट्युलिनम जंतूचं विष असू शकतं आणि त्याला वास असेलच असं नाही. शिवणीवर खोल पोचा असेल तरी घेऊ नये. उघडल्यावर उरलेलं अन्न काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवायचं, तीन-चार दिवसांत संपवायचं. आणि डबा सुपाचा नसून नुसत्या शिजलेल्या बीनचा असेल तर पाणी ओतून टाका, दाणे चाळणीत नळाखाली धुवा. सोडियम सुमारे ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. पोटात वायू करणाऱ्या साखराही थोड्या वाहून जातात. सुपाला हा उपाय चालत नाही, कारण तिथे मीठ रश्शातच असतं. म्हणून परदेशातल्या मुलांना मी सांगतो, सूप नको, साध्या बीनचा बिनमिठाचा डबा घ्या आणि सूप स्वतः करा.

आपल्या घरी तर डब्याचीही गरज नाही. पाव किलो राजमा किंवा चवळी रात्री भिजत घाला. सकाळी पाणी बदलून कुकरला लावा, दाणा बोटाने सहज दाबला गेला पाहिजे. एक कांदा, चार पाकळ्या लसूण, दोन टोमॅटो चमचाभर तेलात परता, जिरेपूड आणि काळी मिरी घाला. निम्मे दाणे घोटून घ्या म्हणजे सूप आपोआप दाट होईल. सहा वाट्यांना अर्धा चहाचा चमचा मीठ, शेवटी कोथिंबीर आणि भरपूर लिंबू. आंबटपणा असला की मीठ कमी आहे हे जिभेला कळत नाही. एका वाटीत ८-९ ग्रॅम प्रथिने आणि सोडियम २०० मिलिग्रॅमच्या आत. शिजलेले दाणे वाटीवाटीने फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर सहज पुरतात, नोकरी करणाऱ्या सुनेला तोच तिचा डबा.

खालांनी आणलेले चार डबे आम्ही फेकले नाहीत. पैसे मोजून, समुद्र ओलांडून आणलेलं अन्न फेकायला मन होत नाही. घरी बिनमिठाची मसूर शिजवली, मोठं पातेलं भरून, आणि त्यात एक डबा ओतला. सहा जण जेवलो. प्रत्येकाच्या वाट्याला डब्यातलं साडेतीनशेच्या आसपास सोडियम आलं. खालांनी दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नमक कम है क्या?" मी लिंबाची फोड पुढे सरकवली. त्यांच्या पायाची सूज आता उतरली आहे, गोळी मात्र सुरूच आहे.